क्लोन पडद्यावर, घाम बेळगावात

ना भूक, ना वेदना, ना भावना! ११ एप्रिल २०२४ ला आलेल्या 'बडे मियाँ छोटे मियाँ'मधल्या क्लोन सैनिकांची ही ख्याती. पटकथेनं शेवटची अट अक्षयकुमार आणि टायगर श्रॉफ यांनाही लागू केलेली दिसते. स्फोटामागून स्फोट होतात, पण नायकांच्या केसांचा भांग मोडत नाही. प्रेक्षकांनी पाठ फिरवली ती उगीच नाही.

बेळगावकरांना तर हे पचणं अवघडच. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावातच. कमांडो प्रशिक्षणही इथलंच. दोर चढताना सोललेले तळहात, चिखलानं जड झालेले बूट, हे सगळं क्लोनविना चालतं.

जवळपास पावणेतीन तासांत देश वाचवणाऱ्या या जोडीकडे सीमाभागातल्या निपाणीकरांनी २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात अडकलेला महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नही सोपवायला हरकत नाही. फक्त संवादलेखक बदलून घ्यावा.