प्लॉटवाले सर

हिंगोलीत ज्यांना प्लॉटवाले सर म्हणतात त्यांच्या नावावर एक फूटही जागा नसते. ही पदवी मालकीची नाही, अभ्यासाची आहे. माणूस जिल्हा परिषदेचा शिक्षक, वय पन्नाशीच्या पुढं, प्रॉव्हिडंट फंडात बरी शिल्लक, पोरगी नांदेडला शिकायला आणि बिऱ्हाड भाड्याच्या तीन खोल्यांत. रविवारी सकाळी बाकीचं गाव भाजी आणायला निघतं तेव्हा सर कुठल्यातरी सोयाबीनच्या धुऱ्यावर उभे राहून मोबाईलमध्ये पूर्व दिशा शोधत असतात. "काय सर, काय करायलाव?" म्हणलं की उत्तर ठरलेलं. "काही नाही, प्लॉट बघायलो." नोकरीला लागल्यापासून ते प्लॉट बघायलेत.

मोटारसायकलच्या डिकीत पन्नास फुटी टेप असतो आणि पिशवीत सातबाऱ्याच्या झेरॉक्स, सगळ्या दुसऱ्यांच्या. टेपचं एक टोक दलालाच्या हातात देऊन सर दुसऱ्या टोकाकडं चालू लागले की दलालाला कळतं, आजचा दिवस गेला.

मात्र सरांचं प्लॉट बघणं हे बघण्यासारखं आहे. उन्हाळ्यात प्लॉट घेणारा माणूस त्यांच्या मते बुडालाच म्हणून समजा. चैत्र-वैशाखात काळी जमीन टणक असते, चुन्याच्या रेघा झळकत असतात, प्रवेशद्वाराच्या कमानीवर कुठल्यातरी देवाच्या नावाचं नगर लिहिलेलं असतं. दलाल म्हणतो, "सर, बंगला दिसायलाय की नाही डोळ्यासमोर?" सरांना नाही दिसत. ते श्रावणात येतात, रात्रभर झड लागून गेल्यावर, आणि एक चक्कर मारून चपलेला किती चिखल लागला ते बघतात. त्या चिखलावरून मुरूम किती ब्रास पडेल याचा हिशेब ते उभ्या उभ्या करतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असला तर दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरपी चीर निघते. म्हणून स्वस्त प्लॉटच्या किमतीत ते मुरूम मिळवतात, खोल पाया मिळवतात, बोअर मिळवतात, विजेचे खांब स्वतःच्या खर्चानं ओढायचे पैसे मिळवतात आणि शेवटी सिद्ध करतात की हा प्लॉट गावातल्या महाग प्लॉटपेक्षा महाग आहे. हिशेब बरोबर असतो. इथवर त्यांच्याशी वाद घालायची कोणाची टाप नाही.

मग ते दलालाला सोडून शेजारच्या घराकडं वळतात. "ताई, बोअरला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत राहतं? घंटागाडी येते का? रात्री लाइट गेली तर वायरमन फोन उचलतो का?" ताईंनी कपाळाला आठ्या घालून गाऱ्हाणी सांगितली तर प्लॉट बाद. आणि ताई हसून म्हणाल्या, "घ्या की सर, चांगला शेजार होईल," तर मग प्लॉट जास्तच बाद. कारण सरांचा सिद्धांत असा, की चार घरं झाल्याशिवाय रोड होत नाही, म्हणून आधी आलेला माणूस मागून येणाऱ्याला कधी खरं सांगत नाही. वस्ती झाल्यावर आपण जाऊ, असं त्यांचं ठरलेलं असतं. वस्ती होते. मग भाव वस्तीचा होतो.

गावाचा इतिहास सरांना पाठ आहे, पण तो भावाच्या हिशेबात. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला तेव्हा मित्रांनी सांगितलं, "आत्ता घेऊन टाका." सर म्हणाले, "नव्याची नवलाई आहे. कलेक्टर ऑफिस बसू द्या, भाव खाली येतील." कलेक्टर ऑफिस बसलं, एसपी ऑफिस बसलं, भाव काही बसला नाही. २००८ मध्ये पूर्णा-अकोला लाइन ब्रॉडगेज झाली. सर म्हणाले, "आता लोक गाडीत बसून बाहेर जातील. गाव मोकळं होऊ द्या." त्याच गाडीनं लोक सणाला परत आले आणि येताना प्लॉटचे पैसे घेऊन आले. पुढं पंतप्रधान आवास योजनेत गृहकर्जाच्या व्याजावर सूट मिळायला लागली. सरांनी तिचे नियम इतके बारीक वाचले की बँकेतला मॅनेजर त्यांना अडचणी विचारायचा. मध्यम उत्पन्नवाल्यांची ती सूट ३१ मार्च २०२१ ला बंद झाली, तेव्हा सर कागदपत्रांची यादी पुरी करतच होते.

मग २०२४ साल उजाडलं. २१ मार्चला सकाळी सहाच्या सुमाराला भांडी वाजली. ४.५ तीव्रतेचा भूकंप. १० जुलैला पुन्हा तेवढाच. १९९३ चं किल्लारी आठवणाऱ्या मराठवाड्यात लोक अंगणात येऊन उभे राहिले, आणि त्यांत सरांचा आवाज सगळ्यांत स्पष्ट होता. "जमिनीचंच ठरंना गेलंय, तर मी प्लॉटचं कसं ठरवू?"

आता परवडणारी जागा कोणती, हा खरा प्रश्न. जुन्या गावातल्या नावांवर सरांचा जीव आहे: रिसाला बाजार, तोफखाना, पलटन, पेन्शनपुरा. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंटची छावणी इथं होती. १९०३ मध्ये कंटिंजंट मोडलं, घोडे गेले, तोफा गेल्या, नावं राहिली. सर म्हणतात, "त्या वेळी मोकळ्या जागा किती पडल्या असतील, विचार करा." म्हणजे १९०३ ची संधीही हुकली ती हुकलीच. सरांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं म्हणणं, रिटायर झाल्यावर पेन्शनपुऱ्यात तरी हक्कानं घेतील की नाही बघू.

गावात परवडत नाही म्हणून लोक बळसोंडला गेले. शहराला लागून, पण कारभार ग्रामपंचायतीचा; पत्ता बळसोंड, लग्नपत्रिकेत हिंगोली. मास्तर, तलाठी, एसटीचे कंडक्टर, हळदीला भाव आलेल्या वर्षी पोरांच्या शिक्षणासाठी शहरात आलेले शेतकरी, यांनी तिथं घरं बांधली, गुलमोहर लावले, गल्लीत गणपती बसवला. सरांचं मत वेगळं. "उद्या हे नगरपरिषदेत गेलं तर टॅक्स वाढंल. नाही गेलं तर नालीला पैसा कोण देईल?" दोन्ही बाजूंनी तोटा काढून दाखवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

गावापासून लांब जावं तर तिकडं गुंठेवारीची भीती. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हे सर झोपेत सांगतील. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा, २००१ चा गुंठेवारीचा कायदा, एन.ए. चव्वेचाळीस, हे सगळं ते चहाच्या टपरीवर शिकवतात आणि तिथली पोरं वर्गातल्या पोरांपेक्षा मन लावून ऐकतात. नुसत्या बॉण्डवर प्लॉट विकणारा दलाल सरांना लांबूनच नमस्कार करतो. ले-आऊटमध्ये बागेसाठी सोडलेली जागा प्लॉट म्हणून विकायला काढली असली तर ती सरांनाच पहिल्यांदा दिसते. किती जणांचे पैसे त्यांनी वाचवले याची मोजदाद नाही. स्वतःचे तर सगळेच वाचवले.

अलीकडं लायगो आलं. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा इथं गुरुत्वलहरी टिपायचा प्रकल्प होतोय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं २६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनपेक्षाही हजारो पट बारीक हालचाल मोजायची. दलालांनी विज्ञानाचं एवढंच घेतलं, की औंढा रोडच्या प्लॉटला 'लायगोजवळ' म्हणायचं. एकानं सरांना सांगितलं, "सर, जगभराचे शास्त्रज्ञ येणार. भाड्यानं खोल्या पुरायच्या नाहीत." सरांनी चष्मा पुसला. "त्या यंत्राला हादरा चालत नाही. ट्रक गेला तरी त्याला कळतंय. उद्या मी प्लॉटवर पिठाची गिरणी टाकली तर अमेरिकेतून फोन येईल त्याचं काय?" दलालाला अमेरिकेचं काही सांगता येईना. वास्तविक सरांना गिरणी टाकायची नव्हतीच. आणि लायगो प्रोटॉनच्या आतलं मोजो नाहीतर बाहेरचं, आपल्याकडं दोन प्लॉटमधली हद्द मोजायला भूमी अभिलेखवाल्यांचीच तारीख घ्यावी लागते, हेही त्यांनी जाता जाता सुनावलं.

घरात मात्र सरांचं फारसं चालत नाही. महिलेच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ही बातमी त्यांनी २०२१ मध्ये मोठ्या उत्साहानं वहिनींना सांगितली. वहिनी पोळ्या लाटत म्हणाल्या, "नावावर करायला आधी काही घ्यावं लागतं." सरांनी चौकशी केली तर ती सवलत बांधलेल्या घराला निघाली, मोकळ्या प्लॉटला नाही. झालं, पुन्हा सहा महिने गेले. आता पोरीच्या स्थळांचं बघणं सुरू झालंय आणि बायोडाटात 'स्वतःचे घर' असा एक रकाना आहे. सरांनी तिथं लिहिलं, 'हिंगोली (प्रक्रिया चालू)'. वहिनींनी तो कागद फाडला आणि कोऱ्या कागदावर गावाकडच्या वाड्याचा पत्ता घातला. त्या वाड्यात सरांचा हिस्सा दीड खोलीचा आहे.

दसऱ्याच्या प्रदर्शनाला रामलीला मैदानावर फिरायला आलेलं अर्धं गाव सरांना ओळखतं. कोणी पाया पडतं, कोणी पोराला पुढं करून सांगतं, "हे सर होते म्हणून आपण त्या नाल्यातल्या प्लॉटमध्ये अडकलो नाही." सर विचारतात, "आता काय भाव चाललाय तुमच्याकडं?" आकडा ऐकला की त्यांचा चेहरा पडतो आणि लगेच सावरतोही. "बसंल भाव. थांबा जरा."

तेव्हा हिंगोलीत पहिलं घर घ्यायचं असेल तर सरांना जरूर सोबत न्या. पावसात न्या. सातबारा, एन.ए.चा आदेश, मंजूर ले-आऊट, सगळं त्यांच्या हातात द्या. त्यांनी ठीक म्हणलेला कागद ठीकच असतो. एवढं झालं की त्यांना टपरीवर चहाला बसवा आणि इसार द्यायला एकटे जा.