एकशेचव्वेचाळीस मीटरचं जर्मनी

ऱ्हाइनकाठी रुडेसहाइमला बोट लागते आणि दीडशे माणसं कानात यंत्र खुपसून गाइडच्या उंच धरलेल्या छत्रीमागे निघतात. सगळ्यांना एकच गल्ली बघायची असते: ड्रॉसेलगासं, लांबी 144 मीटर. दिंडी परवडली, तिथे निदान दोन पावलं तरी पुढे पडतात.

गल्लीच्या दोन्ही अंगांना वाइन आणि वाद्यवृंद. भर जुलैत नाताळची झुंबरं विकणारं दुकानही आहे आणि गर्दी तिथेच जास्त. 1957 पासूनची ‘परंपरागत’ कॉफीही मिळते: कपात साखरेचे खडे, त्यावर ब्रँडी, मग काडी लावायची, कॉफी ओतायची, वर क्रीम. आमच्यातल्या एका काकांनी ती रुपयांत गुणून पाहिली आणि फक्त फोटो काढला.

डोंगरावर 1883 चं स्मारक आहे. हातात मुकुट उंचावलेली जर्मेनिया (म्हणजे स्त्रीरूपातलं जर्मनी) तिथे 1871 च्या एकीकरणाची आठवण म्हणून उभी आहे. वर जायला द्राक्षमळ्यांवरून पाळणा जातो. पण बोटीवर फुकट जेवणाची वेळ झाली होती (फुकट म्हणजे आधीच पैसे भरलेलं). त्यामुळे जर्मेनियाचं दर्शन आम्ही पाळण्याच्या तिकीटखिडकीवरच्या पोस्टरवर घेतलं.

संध्याकाळी घरी फोन: “आज जर्मनी झालं. उद्या दुसरं.”