बसनं गेला म्हणे!

"काहो बाई, थो बसनं गेल्ता म्हणे?"

काकूंनी वालकंपाऊंडवर सूप टेकवलं, तरोट्याची भाजी निवडायला घेतली आणि आधी हाच प्रश्न टाकला. 'थो' म्हणजे पलीकडच्या घरचा पोट्टा. बँकेत आहे, दोन लेकरांचा बाप आहे, पण काकूंच्या लेखी पोट्टाच. जून २०२५ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत जाऊन कॉम्रेड्स नावाची शर्यत धावून आला. आला तेव्हा ले-आऊटच्या तोंडाशी अभिनंदनाचं बॅनर लागलं, आणि बॅनर उतरायच्या आत ही कुजबुज सुरू झाली. घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना तो म्हणाला होता म्हणे, "बस सापडली म्हणून वेळेत पोचलो." ते कुणीतरी ऐकलं. कुणी, ते काकूंना ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, पण त्या बाईंची खिडकी इथून समोरच दिसते, तेव्हा राहू द्या.

"काकू, ती बस चाकांची नसते," मी म्हटलं.

या शर्यतीत वीसेक हजार माणसं असतात. त्यातले मुरलेले काही जण आधीच जाहीर करतात की मी अमुक तासांत पोचणार, ज्याला यायचं त्याने माझ्या मागे यावं. अशा माणसाला ड्रायव्हर म्हणतात आणि त्याच्या मागच्या घोळक्याला बस. ड्रायव्हरने पळा म्हटलं की पळायचं, चाला म्हटलं की चालायचं. मधेमधे गाणी, आरोळ्या. आपला पोट्टा अर्ध्या वाटेत अशा एका बसला चिकटला आणि शेवटपर्यंत चिकटून राहिला.

"अन् तिकीट?"

"तिकीट नाही."

"मंग त्या ड्रायवरले काय भेटते?"

हे मीही त्याला विचारलं होतं. काही मिळत नाही. एकटा पळाला तर तो ड्रायव्हर तास-दोन तास आधी पोचेल, पण मागच्यांसाठी रेंगाळतो. काकूंना हे पटलं नाही. फुकटात कोणी रेंगाळत नाही, असं त्यांचं आयुष्यभराचं निरीक्षण आहे आणि बहुतेक बाबतीत ते खरं निघालेलं आहे.

आता अंतर ऐका. बेचाळीस किलोमीटरच्या पुढे धावलं की त्याला अल्ट्रामॅरेथॉन म्हणायचं. ही शर्यत नव्वदच्या आसपास. आपल्या वर्ध्याच्या गांधी चौकातून निघायचं, पवनार, सेलू, केळझर मागे टाकायचं, नागपूर ओलांडायचं आणि कामठीपर्यंत जायचं. तेही सपाटीवर नाही, डोंगरांतून. वेळ बारा तास. एक वर्ष डर्बनहून पीटरमारित्झबर्गकडे चढाची शर्यत, दुसऱ्या वर्षी तिकडून इकडे उताराची. यंदा उताराची होती.

पीटरमारित्झबर्ग म्हटल्यावर काकूंनी मान वर केली. वर्ध्यात राहून ते नाव कानावरून न गेलेला माणूस विरळा. बापूंना गाडीच्या डब्यातून सामानासकट उतरवलं ते हेच स्टेशन, ७ जून १८९३ ची रात्र. आणि यंदाची शर्यत होती ८ जूनला. पोट्टा आदल्या संध्याकाळी स्टेशनवर जाऊन आला. तिकडे जूनमध्ये हिवाळा. म्हणाला, "मावशी, मी अर्ध्या तासात कुडकुडत हॉटेलवर परतलो. आपल्या सेवाग्रामच्या कुटीत लहानपणापासून शंभरदा गेलो, पण ती थंडी काय असेल याचा विचार कधी केला नव्हता." मला हे त्याचं बोलणं बॅनरपेक्षा आवडलं.

ही शर्यत सुरू करणारा माणूस रेल्वेचा इंजिन ड्रायव्हर, विक क्लॅपहॅम. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत शेकडो मैल पायपीट करून आला आणि मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून १९२१ साली त्याने ही सुरू केली. चौतीस निघाले, सोळा पोचले. दोन वर्षांनी एक बाई आली, फ्रान्सिस हेवर्ड. तिला नाव नोंदवू दिलं नाही, तर ती तशीच धावली आणि बारा तासांच्या आत पोचलीही. मेडल नाही. मग लोकांनीच वर्गणी करून तिला चांदीचा चहाचा सेट दिला.

"चांदीचा?" काकूंचा हात तरोट्यावर थांबला. "अन् मेडल काहून नाही?"

"बायकांना आणि काळ्या लोकांना अधिकृतपणे घ्यायला १९७५ उजाडलं, काकू."

"मंग सेटच बरा."

आणि यंदा जिंकला कोण, तर टेटे डिजाना. पहिल्यांदा जिंकला तेव्हा सिक्युरिटी गार्डची नोकरी करत होता. यंदा साडेपाच तासांच्या आत पोचला आणि दुसऱ्या नंबरचा त्याच्या पाच सेकंद मागे! कामठीपर्यंत पळायचं आणि फरक पाच सेकंदांचा.

पण आपला पोट्टा त्या जातीचा नाही, हे त्यालाही माहीत. त्याला विचारलं की शिकलास काय, तर जे सांगतो ते ऐकून बॅनर लावणाऱ्यांची निराशा व्हावी. परवा एका शाळेने त्याला भाषणाला बोलावलं. प्रास्ताविकात जिद्द, चिकाटी, गगनभरारी सगळं येऊन गेलं. हा उभा राहिला आणि म्हणाला, "मुलांनो, मी बराचसा चाललो." गुरुजींचा चेहरा पडला म्हणे.

खरी गोष्ट तीच आहे. पहिल्याच चढावर, अंगात भरपूर दम असताना, त्याने चालायला घेतलं. दोनशे लोक शेजारून पळत गेले. तो म्हणतो, "मावशी, तेव्हा जी लाज वाटते ना, ती गिळणं नव्वद किलोमीटरपेक्षा कठीण." चढ आला की रस्त्यावरचे विजेचे खांब मोजायचे. एका खांबापर्यंत पळायचं, पुढच्या खांबापर्यंत चालायचं. दमल्यावर चालणं म्हणजे हरणं, दमायच्या आधी चालणं म्हणजे हिशेब. त्या दोनशेंपैकी पुष्कळ जण दुपारी त्याला कडेला बसलेले दिसले.

ही अक्कल त्याला एका दिवसात आली नाही. उन्हाळाभर आपण पाहिलं की. मे महिन्यातलं आपलं ऊन, पारा पंचेचाळीसच्या वर, म्हणून पहाटे तीनचा अलार्म. बायको चिडायची, धाकटं उठायचं, कुत्री मागे लागायची. पवनारचा पूल गाठून परत, रविवारी केळझरचा गणपती. खिशात खायला गोरसपाक. सुरुवातीला तो सुसाट सुटायचा आणि सेलूहून ऑटोने परत यायचा. हे बॅनरवर नाही.

"इथं तर खरोखर ऑटोनं यायचा, म्या पाह्यला," काकू म्हणाल्या. "पण एक सांगा, हे चालायचं ग्यान घ्यायले आफ्रिकेत कायले जाव लागते? माह्या सासूचं माहेर पवनारचं."

आणि मग काकूंची गाडी रुळावर आली. १९५१ साली विनोबा इथून तेलंगणात गेले ते पायी, तिथे पोचमपल्लीला भूदान सुरू झालं. पावसाळ्यात परतले, तर नेहरूंनी दिल्लीला बोलावलं. वय छप्पन, पोटाचं दुखणं कायमचं. सप्टेंबरात पवनारहून निघाले आणि दोन महिन्यांनी दिल्लीत पोचले, तेही पायीच. तिथून पुढे थांबलेच नाहीत. १९६४ साली पवनारला परत आले तेव्हा ज्या पोरींनी त्यांना जाताना पाहिलं होतं त्यांच्या कडेवर लेकरं होती. काकूंची सासू त्यांतलीच एक. "सासू सांगे, बाबा लई जोरात नाही चालत, पण थांबत नाही. पहाटे अंधारात निघत, उन्हाच्या आत मुक्कामाले."

यावर मी काय बोलणार? पोट्ट्याने प्रशिक्षकाला पैसे भरून जे ऐकलं ते काकूंच्या सासूने फुकट पाहिलं होतं. तरी मी म्हटलं की विनोबांच्या वाटेत कुणी पिस्तूल घेऊन उभं नव्हतं.

"पिस्तूल?"

ही गोष्ट तो परत परत सांगतो. बारा तास भरले की शेवटच्या रेषेवर एक जण धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बार उडवतो. त्या क्षणी रेषा बंद. जो एक पाऊल आत तो पोचला, जो एक पाऊल बाहेर तो नाही. नव्वद किलोमीटर धावलेल्याला मेडल नाही, निकालात नाव नाही. आपला पोट्टा वीस मिनिटं आधी पोचला होता. मेडल घेतलं आणि आंघोळीला न जाता तिथेच कठड्याला धरून उभा राहिला. शेवटच्या मिनिटात लोक एकमेकांना ओढत आणत होते, एकाला दोघांनी खांद्याखाली धरलं होतं. बार झाला तेव्हा एक बाई दोन पावलांवर होती.

"अवमाय! सोडाव ना तिले. पाठ काहून करते थो?"

"तोंड दिसलं तर हात थांबेल, म्हणून असेल."

काकूंना हा नियम दुष्ट वाटला. मला, खरं सांगते, आवडला. आपल्याकडे प्रत्येक खिडकीवर 'जरा ॲडजस्ट करा' चालतं आणि ॲडजस्ट नेहमी ओळखीच्यासाठी होतं. तिथे पाठच केली, म्हणजे मंत्री असो की मेव्हणा, सारखाच. काकू म्हणाल्या, तुम्ही मास्तरीण, तुम्हाले आवडणारच.

पाण्याचीही एक गोष्ट आहे. वाटेत जागोजागी पाण्याचे पाऊच, आपल्या बसस्टँडवर मिळतात तसेच, कोपरा दातांनी फाडायचा. सोबत मीठ लावलेले उकडलेले बटाटे. आपण वर्धेकर, उन्हाळ्यात पाणी प्या, पाणी प्या ऐकत वाढलेले. हा दिसेल तो पाऊच पिणार होता. प्रशिक्षकाने आधीच दम दिलेला की तहान लागली तरच. टिम नोक्स नावाचे तिथले डॉक्टर आहेत. १९८१ साली याच शर्यतीत एक बाई कोसळली, आणि कारण निघालं पाणी कमी नव्हे, जास्त प्यायल्याचं. रक्तातलं मीठ पातळ होतं, मेंदूला सूज येते. त्यावर मग नोक्सनी पुढे पुष्कळ काम केलं.

"कपाशीत पाणी साचलं की झाड पिवळं पडते, तसंच," काकू म्हणाल्या. मला याहून सोपं सांगता आलं नसतं.

आणि ते उताराचं. आपल्याला वाटतं उताराची शर्यत म्हणजे मजा. पण उतारावर प्रत्येक पाऊल म्हणजे ब्रेक, आणि तो ब्रेक लागतो मांडीत. अर्धी वाट संपल्यावर फील्ड्स हिल नावाचा मोठा उतार आहे, तिथे भलेभले रडतात. चढावर दम लागला तर थांबून घेता येतो, मांड्या फाटल्या की थांबून काही परत येत नाही. परतल्यावर आठवडाभर तो घराचा जिना उलटा उतरत होता, कठड्याला धरून, पाठ खाली करून. दोन अंगठ्यांची नखं काळी पडली, एक गळलं. ते त्याच्या धाकट्याने काडेपेटीत ठेवून शाळेत नेलं आणि बाईंना दाखवलं.

"छी!" म्हणत काकूंनी काडेपेटी कोणत्या बाईंनी उघडली ते विचारून घेतलं.

मेडलही मी पाहिलं. बॅनरवर परातीएवढं छापलंय. हातात घेतलं तर एवढंसं, जुन्या रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. अकरा ते बारा तासांत पोचणाऱ्यांना मिळणारं, त्या इंजिन ड्रायव्हरच्याच नावाचं. मी म्हटलं, एवढ्यासाठी पीएफ मोडलास? तो हसला आणि हळूच म्हणाला की लागोपाठ दोन्ही वर्षं पहिल्यांदा पूर्ण केली तर आणखी एक मेडल मिळतं, बॅक टू बॅक नावाचं. पुढच्या वर्षी चढाची आहे.

"म्हणजे परत जाते?"

"हळू बोला काकू. बायकोला अजून सांगितलं नाही त्याने. मी फक्त तुमच्याजवळ बोलले."

काकूंनी निवडलेली भाजी एका बाजूला सारली, देठं आमच्याच अळ्यात टाकली आणि पदराला हात पुसले.

"तिले सारं ठाऊक आहे. परवा नागपूरहून बूट घेऊन आली. सोतासाठी. लेकरं कोनापाशी ठेवाचे म्हून माह्याकडेच तर आल्ती विचाराले."

"आणि तुम्ही काय म्हटलं?"

"म्हटलं, ठेव. पण त्याले सांगू नोका हं बाई, म्या फक्त तुम्हालेच सांगतलं."