पाकीट तेच, रंग नवा

लग्नाच्या बायोडाट्यात मुलीचा रंग काय लिहायचा, हे आजवर आई ठरवत असे. 'सावळी' खोडून 'गव्हाळ' आणि 'गव्हाळ' खोडून 'निमगोरी' एवढी मजल एका पेनाच्या जोरावर मारता येई. आता पेनाची गरज उरलेली नाही. हे काम दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा फोटोपेपर परस्पर उरकतो. पहिल्या पाकिटातल्या कागदावर मुलगी गुलाबी गोरी उतरते, दुसऱ्यातल्या कागदावर तिला कावीळ होते आणि तिसऱ्यातल्या कागदावर ती नुकती एसटीने घाट उतरून आल्यासारखी हिरवट दिसते. पाकीट मात्र तिन्ही वेळा एकच. त्यावरचा रंगीत पोपट तोच, 'प्रीमियम' तेच, 'हाय ग्लॉसी' तेच, '१८० जीएसएम' तेच.

गोरेपणाच्या मागे इतकं लागलेल्या समाजाला असाच कागद मिळायला हवा होता, असं कुणी म्हणेल. आमचंही पहिलं मत तेच होतं. पण या कागदाला गोऱ्या-सावळ्याचं काही देणंघेणं नाही. तो नवरीचा हिरवा चुडा निळा करतो, गणपतीचा शेंदूर जांभळा करतो आणि सत्यनारायणाच्या पूजेचा फोटो असा काही काढतो की केळीचे खांब आणि यजमान यांच्यात फरक राहत नाही. समानतेचं एवढं काम आजवर कुठल्याही कागदावर झालेलं नाही.

हा ब्रँड तयार कसा होतो, ते पाहण्यासारखं आहे. ज्याच्या नावाने पाकीट विकलं जातं, तो सुपरमार्केटवाला असो, ऑनलाइन बाजार असो की घाऊक व्यापारी, त्याच्याकडे कागदाची गिरणी बहुधा नसतेच. मूळ कागद कुणी बनवतो. त्याच्यावर सिलिकासारख्या बारीक भुकटीचा, बाइंडर मिसळलेला थर दुसराच कुणी चढवतो. चांगला 'आरसी' पेपर असेल तर कागदाच्या दोन्ही अंगांना प्लॅस्टिकचा पातळ थरही असतो. स्वस्तातल्या कास्ट कोटेडला तो नसतो. मग ते जंबो रोल कापले जातात, ए-फोर आणि फोर बाय सिक्सचे गठ्ठे होतात आणि पाकिटांत भरले जातात. या खेपेला रोल ज्याच्याकडे चार पैसे स्वस्त मिळाला त्याचा, पुढच्या खेपेला दुसऱ्याचा. पाकिटं मात्र एकदाच भरपूर छापून ठेवलेली असतात. थोडक्यात, या धंद्यात कायमची नोकरी फक्त पाकिटाला आहे. आतला कागद कंत्राटी.

त्यामुळे मुंबईच्या बोरा बाजारापासून तालुक्याच्या तहसील कचेरीसमोरच्या फोटोच्या गाळ्यापर्यंत एक संवाद वर्षानुवर्षं चालू आहे. पात्रं बदलतात, संहिता बदलत नाही.

"शेठ, हा मागच्या वेळचा पेपर नाही."

"तोच आहे, दादा. पाकीट बघा की."

"पाकीट बघूनच घेतला. शाई वाळत नाहीये. फोटोवर गिऱ्हाइकाचं बोट उमटतंय."

"पावसाळा आहे."

"मे महिन्यात नेला तेव्हा कडा वर वळत होत्या."

"उन्हाळा होता."

"मग हा पेपर चालतो कधी?"

"चांगला लॉट आला की."

एवढं झाल्यावर दादा थोडे चढ्या आवाजात बोलू लागतात. शेठ तेव्हा शांतपणे शेवटचं अस्त्र काढतात : "शाई ओरिजिनल वापरता ना?" गाळ्यात लीटरच्या बाटल्या लपवून बसलेले दादा एकदम गप्प होतात, दोन पाकिटं आणखी घेतात आणि घरी येतात.

शेठ हवामानाचं म्हणतात, ते अगदीच थापा नाही. कागदाच्या चाचण्यांसाठी आयएसओचं १८७ क्रमांकाचं मानक आहे. त्यात हवा २३ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ५० टक्के धरलेली असते. आषाढातल्या चिपळूणमध्ये आणि वैशाखातल्या चंद्रपूरमध्ये हे मानक कोण पाळतं, ते पाळणाऱ्यांनी कळवावं. पण हवा सगळ्या कागदांना सारखीच लागते. एकाच दिवशी, एकाच गाळ्यात, एकाच प्रिंटरमधून जुन्या पाकिटातला शेवटचा कागद आणि नव्या पाकिटातला पहिला कागद दोन वेगवेगळे चेहरे काढत असतील, तर पावसाला त्यात गोवण्यात अर्थ नाही.

फरक पडतो तो थरात. थर जाड-पातळ झाला, त्यातली छिद्रं लहान-मोठी झाली, शाई धरून ठेवणारं रसायन कमी-जास्त पडलं, की तोच शाईचा थेंब कुठे पसरतो, कुठे खोल मुरतो, तर कुठे वरच साचून राहतो. शिवाय कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालतात. ती अतिनील किरण पिऊन निळसर उजेड बाहेर टाकतात. ती जास्त पडली की कागद निळसर पांढरा, कमी पडली की सायीसारखा. साध्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. फोटोतला पांढरा रंग म्हणजे उघडा राहिलेला कागद. शेंगेन व्हिसाचा फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा आणि फिक्या पार्श्वभूमीचा लागतो; आपल्याकडच्या बहुतेक अर्जांना ती स्वच्छ पांढरी हवी असते. दादा पडदा धुऊन, इस्त्री करून पांढराशुभ्र लावतात. त्यानंतर तो कितपत पांढरा उतरणार, हे त्या महिन्यात रोल कुणाकडून आला त्यावर ठरतं.

यावर शास्त्रीय उपाय नाही असं नाही. १९९३ साली आठ कंपन्यांनी मिळून इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम स्थापन केलं. कॅमेऱ्यापासून प्रिंटरपर्यंत रंग तोच राहावा म्हणून 'प्रोफाइल' नावाची व्यवस्था त्यांनी रूढ केली. अमुक प्रिंटर, तमुक शाई आणि हाच कागद, या तिघांची पत्रिका जुळवायची. रंगांचे शेकडो चौकोन छापायचे, यंत्राने मोजायचे आणि त्यावरून फाइल तयार करायची. योजना उत्तम आहे. तिची एकच अट आहे : कागद उद्याही तोच असला पाहिजे. आपल्याकडे पत्रिका जुळवून अक्षता टाकेपर्यंत नवरदेव बदललेला असतो.

मोजायचं यंत्र अर्थातच दादांकडे नाही. प्रिंटरच्या यादीत दुकानाच्या ब्रँडचं नावही नसतं. म्हणून दादा यादीतल्या दुसऱ्याच कुठल्या मोठ्या कंपनीचा महागडा ग्लॉसी पेपर निवडतात आणि आत आपला स्वस्तातला सरकवतात. मग डोळ्यांनी पाहत मजेंटा थोडा कमी, पिवळा थोडा जास्त, असं करत करत एक आकडा सापडतो. तो चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवला जातो. चिठ्ठीचा डिंक वाळतो, तोवर पाकीट संपलेलं असतं.

ब्रँडेड कागद घ्या, असा सल्ला आता काही वाचक देतील. त्यांनी ब्रँडवाल्यांना फार देव मानू नये. २००० साली एप्सनने स्टायलस फोटो ८७० आणि १२७० हे प्रिंटर बाजारात आणले. त्यांच्याच प्रीमियम ग्लॉसी पेपरवर काढलेले फोटो टिकण्याबद्दल वर्षांच्या भाषेत बोललं गेलं होतं. काही ग्राहकांच्या घरी ते थोड्याच दिवसांत नारिंगी पडले. सच्छिद्र थर शाई पटकन पितो, पण त्याच छिद्रांतून हवाही आत शिरते. त्या हवेतल्या ओझोनने सायन शाई खाल्ली होती. आपल्याकडे हा प्रयोग आजही घरोघरी चालतो. बिनकाचेच्या फ्रेममधले आजोबा वर्षश्राद्धाच्या आत फिके पडतात आणि घरचे म्हणतात, "त्यांना आता खरी मुक्ती मिळाली."

पण त्या प्रकरणात एक गोष्ट होती. प्रिंटर कुठला, शाई कुठली, कागद कुठला, हे ग्राहकाला ठाऊक होतं. म्हणून तक्रारी एकमेकींशी जुळल्या, कारण सापडलं आणि कंपनीला उत्तर द्यावं लागलं. दुकानाच्या ब्रँडमध्ये हा धोकाच ठेवलेला नाही. पुण्यातल्या दादांचं पाकीट आणि लातूरच्या दादांचं पाकीट यांचं नाव एक, पोपट एक, आतला कागद वेगवेगळ्या कारखान्यांचा. दोघांनी तक्रार केली तर एकाचा फोटो लाल, दुसऱ्याचा हिरवा. व्यापारी म्हणणार, तुम्ही दोघं आधी आपापसांत ठरवून या.

मग पाकिटावर लिहिलेलं असतं तरी काय? कायद्याप्रमाणे पुष्कळ असतं. आवेष्टित वस्तूंसाठीचे वैध मापनाचे २०११चे नियम आहेत. त्यांनुसार उत्पादक, पॅकर किंवा आयातदार यांचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नगसंख्या, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीचा पत्ता छापावा लागतो. म्हणजे कागद किती आहेत आणि केवढ्याला आहेत, हे सरकारने बघितलं. कागद कसला आहे, हे पोपटावर सोडलं. थर कास्ट कोटेड की आरसी, डाय शाईसाठी की पिगमेंटसाठी, याचा पत्ता नाही. लॉट नंबर असलाच तर पाकिटाच्या अशा कडेला असतो की कात्रीने पाकीट उघडताना तोच पहिला कचऱ्यात जातो.

जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरमागे किती ग्रॅम याची, गोष्ट तर आणखी मजेची. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. १८० जीएसएमच्या एका कागदाचं वजन साधारण सव्वाअकरा ग्रॅम भरायला हवं, म्हणजे वीस कागदांचं सुमारे २२५ ग्रॅम. वाण्याच्या काट्यावर रिकामं पाकीट वगळून नुसता गठ्ठा ठेवून पाहा. कमी भरला तर फसवणूक तिथेच कळते. बरोबर भरला तरी फार खूश होऊ नका. वजन मातीचंही भरतं.

आमचं स्वस्ताशी भांडण नाही. लहान गाळ्यात आठ पासपोर्ट फोटो परवडणाऱ्या भावात मिळतात ते याच कागदामुळे, आणि शाळेच्या प्रकल्पाला चिकटवायच्या हत्तीसाठी आरसी पेपर लागत नाही. हलका कागद हलका म्हणून विका, आम्ही डोळे उघडे ठेवून घेऊ. तो दर खेपेला तेवढाच हलका असू द्या, म्हणजे त्याच्याशी जुळवून घेता येईल. माल बदलायचा असेल तर नाव बदला. तेवढं जमत नसेल तर ठळक अक्षरात लॉट नंबर आणि थराचा प्रकार तरी छापा. नाव तेच ठेवून आतला माल बदलणं याला ब्रँड म्हणत नाहीत, याला ग्राहकाच्या विश्वासावर चालवलेली उधारी म्हणतात.

आणि फोटोवाल्या दादांनो, एका लग्नाचा अख्खा अल्बम एकाच लॉटवर काढा. नवं पाकीट उघडलं की आधी एक ओळखीचा चेहरा छापून जुन्या प्रिंटशेजारी दिवसाच्या उजेडात धरा. पाकीट कडेने कापू नका. पक्कं बिल मागा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ धंद्यासाठी घेतलेला माल वगळतो, पण केवळ स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वतः चालवलेल्या व्यवसायाला त्यात जागा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पुढच्या वेळी शेठनी पावसाळ्याचं नाव काढलं, तर त्यांच्यासमोरच तो फिरवा.