बारमाही सौताडा

पाटोदा तालुक्याचा पाणीप्रश्न अखेर सुटला, याबद्दल सर्व संबंधितांचे हार्दिक अभिनंदन.

तालुक्यातल्या सौताड्याचा धबधबा पावसाळा सरला की रोडावतो, हे सर्वांना ठाऊक आहे. १९८७ साली जन्मलेल्या जिफ या हलत्या चित्रप्रकाराने तो मोबाइलवर बारमाही वाहता ठेवला खरा, पण अवघ्या २५६ रंगांत. पाणी गढूळ, कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. २०१० मध्ये गूगलने वेबपी हा नवा चित्रप्रकार आणला आणि दिवस पालटले. आता रंग १ कोटी ६७ लाख, कडा तुषारांइतक्या तलम, आणि वजन जिफहून कमी. याच वेबपीत बनणाऱ्या व्हॉट्सॲपच्या हलत्या स्टिकरला ५०० केबीची मर्यादा आहे. तेवढ्यात अख्खा धबधबा मावतो. आमच्या कोणत्याही पाझर तलावाला हे जमलेले नाही. आकार आवळताना थोडी माहिती गळते म्हणतात, पण नळयोजनेच्या मानाने ती नगण्य.

पुढचे पाऊल उघड आहे. येत्या मे महिन्यात टँकरही वेबपीतच पाठवावा. डिझेल नको, रस्ता नको, खेपांच्या नोंदवहीत खाडाखोड नको. शेवटचे चित्र संपले की पहिले सुरू, म्हणजे खेपा अमर्याद.

आमच्या वस्तीच्या ग्रुपवर चाचणी झालीसुद्धा. टँकर झळझळीत आला, वळला, पुन्हा आला. सगळ्यांनी अंगठे दिले. एका आजीने तेवढा उलट हंडा पाठवला. हलता होता. रिकामा होता.