केसालाही धक्का न लावता

आमच्या दहावीच्या बॅचची स्मरणिका निघणार होती. फोटो हवा होता, 'अलीकडचा आणि स्पष्ट'. माझ्याकडे होता, पण त्यात मी नको इतका स्पष्ट आलो होतो. कानशिलं पार पिकलेली, माथ्यावर जुन्या मेंदीची तांबूस खूण. खरा कलप एकदा लावून पाहिला होता. मानेवर पुरळ उठलं आणि आठवडाभर ऑफिसात मफलर गुंडाळून बसलो, तेही मे महिन्यात. कॉम्प्युटरवरच्या कलपाने पुरळ उठत नाही, एवढंच शास्त्र मला ठाऊक होतं.

म्हणून फोटोवर कारागिरी करायचा गिंप हा प्रोग्रॅम डाउनलोड केला. 1995 साली बर्कलीच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहायला घेतला आणि आजही तो फुकट मिळतो. फुकट म्हटल्यावर आमच्या घराण्यात पुढची चौकशी होत नाही.

आधी 'ह्यू'ची, म्हणजे रंगछटेची, पट्टी सरकवली. चेहरा कारल्यासारखा हिरवा झाला, शर्ट जांभळा झाला. पांढरे केस मात्र ढिम्म. पांढऱ्यात मुळात रंगच नसतो, तर फिरवणार काय? हे मला दीड तासाने कळलं.

मग नवा लेअर घेतला, मोड 'कलर' ठेवला, ब्रशमध्ये काळाकुट्ट रंग भरला आणि एकेक बट रंगवत बसलो. हा मोड वरच्या लेअरचा फक्त रंग घेतो. उजळपणा खालच्या फोटोचाच राहतो. आणि काळा हा त्याच्या लेखी रंगच नव्हे! पांढरे केस पांढरेच राहिले, उलट मेंदीचे तांबूस होते तेही करडे झाले. चहा घेऊन आलेली बायको मागे थबकली. "अहो, मामंजींचा इतका छान फोटो कुठे सापडला?"

कप तिथेच ठेवून मी मोड बदलला. 'मल्टिप्लाय'. हा खरा कामाचा. खालचं सगळं गडद करतो. फक्त तो हलक्या हाताने, जरा फिका रंग घेऊन वापरायचा असतो. मी काळा घेतला, पूर्ण जोराने. क्षणात डोक्यावर डांबर पडलं. एकही केस वेगळा दिसेना. कानाच्या वरच्या टोकालाही रंग लागला होता, चष्म्याची काडी मधेच गायब होती. पण काळं तर झालं होतं! रात्रीचा एक वाजला होता आणि फोटो द्यायची मुदत कालच संपली होती. पाठवून दिला.

महिन्याभराने स्नेहसंमेलनात स्मरणिका हातात पडली. खर्च वाचवायला सगळी कृष्णधवल छापलेली. बाकीच्यांची पिकलेली डोकी त्यात चक्क रुबाबदार दिसत होती.

शेजारच्या खुर्चीवरच्या वर्गमित्राने माझं पान उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद नाकाजवळ नेला.

"काय रे, तू टोपी कधीपासून घालायला लागलास?"