सांडपाण्याची किंमत

सांडपाण्याचा पंप निवडताना अभियंता विचारतो, पाणी किती, चढ किती, आणि त्यातून काय काय येणार? चिंध्या, केस, गुटख्याच्या पुड्या. म्हणून त्या पंपाचा पंखा ऐसपैस ठेवतात, घाण अडकू नये म्हणून. चौथा प्रश्न पुस्तकात नाही: पाणी कोणाचं?

2021 साली पुण्याहून वाहत सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणात येणारं सांडपाणी इंदापूरला उपसून न्यायचं ठरलं. किती? 5 टीएमसी, म्हणजे चौदा हजार कोटी लिटरच्या वर! सोलापूर पेटून उठलं. पुणेकरांनी नाक मुरडून सोडलेल्या पाण्यावर दोन तालेवार बाजू हक्क सांगू लागल्या. इंदापूरकर म्हणे, हे तर नुसतं सांडपाणी. सोलापूरकर म्हणे, हे तर आमचं पाणी. पंप बसण्याआधीच मे महिन्यात आदेश रद्द झाला. पाणी मात्र तेच; नाव फक्त कागदावर बदलत होतं.

पुढे 25 मे 2025 ला बारामती-इंदापुरात आभाळ फाटलं. पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला, पाणी थेट घरादारांत घुसलं. त्या पाण्यावर हक्क सांगायला मात्र कोणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.